नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आणि नागरी गौरव

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा म्हणजे नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या सदस्यांची, ठरावीक मुदतीत भरणारी आणि शहराच्या नित्य कारभाराचे निर्णय घेणारी सभा होय. महाराष्ट्रात या सभेचे नियमन महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने होते. पाणीपुरवठा, साफसफाई, दिवाबत्ती, रस्ते, बाजार, कर आणि ठेके हे या सभेचे मुख्य विषय असतात. त्यांच्याच जोडीने पाहुण्यांचे स्वागत, मान्यवरांना मानपत्र आणि दिवंगतांविषयी शोकप्रस्ताव या गौरवाच्या बाबीही याच सभेत येतात. गौरवाचा ठराव आणि नालीच्या दुरुस्तीचा ठराव एकाच सभेत, एकाच पद्धतीने मंजूर होऊन एकाच इतिवृत्तात नोंदवले जातात. लहान शहराच्या सार्वजनिक स्मृतीचा एक अधिकृत भाग त्यामुळे नगरपरिषदेच्या दप्तरात साठत जातो. प्रस्तुत लेखात या सभेची कार्यपद्धती आणि नागरी गौरवाची प्रथा यांचा परिचय मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात दिला आहे.

कायद्यातील आधार

१९६५ च्या अधिनियमातील कलम ८१ हे नगरपरिषदेच्या सभांविषयीचे प्रमुख कलम आहे. त्यानुसार सर्वसाधारण कामकाजासाठी दर दोन महिन्यांतून एकदा सभा भरवणे बंधनकारक आहे. या सभेत कोणते कामकाज करता येईल, हेही याच कलमाने निश्चित केले आहे. अधिनियमाने किंवा अन्य कायद्याने नगरपरिषदेकडे सोपवलेले अधिकार, कर्तव्ये व कार्ये यांच्याशी संबंधित विषयांपुरतेच कामकाज मर्यादित असते. या मर्यादेत कायद्याने तीन बाबींचा नावानिशी समावेश केला आहे : प्रतिष्ठित पाहुण्याचे स्वागत, प्रतिष्ठित व्यक्तीस मानपत्र देण्याचा प्रस्ताव आणि शोकप्रस्ताव. या बाबी रीतसर मांडलेल्या असणे मात्र आवश्यक असते.

या तरतुदीचा अर्थ दुहेरी आहे. एकीकडे, नगरपरिषदेने आपल्या अधिकारकक्षेबाहेरच्या राजकीय प्रश्नांवर सभेचा वेळ खर्च करू नये, असे बंधन त्यातून येते. दुसरीकडे, शहराच्या वतीने आदर किंवा दुःख व्यक्त करणे हे नगरपरिषदेचे वैध काम आहे, असेही कायदा मान्य करतो. असा गौरव कोणाही पदाधिकाऱ्याच्या खासगी इच्छेने होत नाही. तो सभेच्या ठरावानेच व्हावा लागतो.

सर्वसाधारण सभेची सूचना सदस्यांना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची सूचना पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. सूचनेत सभेचे ठिकाण, वेळ आणि विषय नमूद असतात. सभा सामान्यतः नगरपरिषदेच्या कार्यालयीन इमारतीतच घ्यावी, असा दंडक आहे. अध्यक्षस्थान नगरपरिषदेचे अध्यक्ष भूषवतात, त्यांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्ष. निर्णय बहुमताने होतात आणि मते समसमान पडल्यास सभेच्या अध्यक्षांना निर्णायक मत असते. मुख्याधिकारी हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी सभेस उपस्थित राहून माहिती देऊ शकतो, परंतु त्यास मतदानाचा अधिकार नसतो. स्वीकृत सदस्यांनाही चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही.

नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदेशीर, लोकांना त्रासदायक किंवा शांततेस बाधक ठरेल असे वाटल्यास, कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी निलंबित करू शकतात. गौरवाचा ठरावही या देखरेखीतून सुटत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नांदेड आणि लातूर हे प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू असल्याने नगरपालिकेस ‘बलदिया’ आणि मानपत्रास ‘सिपासनामा’ हे शब्द रूढ होते. मुनादी, दरखास्त, दफ्तर, तहकूब यांसारखे फारसी-अरबी मूळचे शब्द येथील कचेरीच्या बोलीत आजही ऐकू येतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. या काळात राज्याच्या वेगवेगळ्या भागांत नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे लागू होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई प्रांताचे १९०१ व १९२५ चे कायदे, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९५६ अशी स्थिती होती. १९६५ च्या अधिनियमाने हे सर्व कायदे एकत्र करून राज्यभर एकच पद्धत आणली. मराठवाड्यातील नगरपालिकांच्या सभा, इतिवृत्ते आणि मानपत्रे त्यानंतर उर्वरित महाराष्ट्राच्याच चौकटीत आली.

या भागातील काही राज्यस्तरीय व राष्ट्रीय नेत्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात नगरपालिकेच्या सभागृहात झाली. पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व केंद्रीय गृहमंत्री झालेले शंकरराव चव्हाण हे १९५० च्या दशकात नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे लोकसभेचे अध्यक्ष व केंद्रीय गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लातूर नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले.

७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. पाच वर्षांची मुदत, महिला व मागासवर्गीयांसाठी आरक्षण आणि राज्य निवडणूक आयोगामार्फत निवडणुका ही व्यवस्था त्यातून आली. महाराष्ट्रात महिलांसाठीचे आरक्षण २०११ पासून ५० टक्के करण्यात आले. मानपत्र देणारे सभागृह आणि मानपत्र कोणाला द्यावे याविषयीची जाण, या दोहोंचे स्वरूप या बदलानंतर अधिक व्यापक झाले.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संस्था

नांदेड व लातूर ही दोन्ही जिल्हा मुख्यालये आता महानगरपालिका आहेत. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये, तर लातूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू असून तेथे दरमहा किमान एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. १९६५ चा अधिनियम पुढील संस्थांना लागू आहे :

नांदेड जिल्हा – नगरपरिषदा : देगलूर, धर्माबाद, बिलोली, कुंडलवाडी, मुखेड, कंधार, लोहा, हदगाव, किनवट, भोकर, मुदखेड, उमरी. नगरपंचायती : अर्धापूर, माहूर, नायगाव, हिमायतनगर.

लातूर जिल्हा – नगरपरिषदा : उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा. नगरपंचायती : रेणापूर, चाकूर, जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ.

लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची ‘अ’ वर्ग, ४०,००० हून अधिक ते एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्ग आणि त्याखालील ‘क’ वर्ग. २०११ च्या जनगणनेत उदगीरची लोकसंख्या १,०३,५५० होती. या यादीतील बहुतेक शहरे मात्र लहान आहेत. नगरपंचायतींपैकी अनेक ठिकाणी काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती; ग्रामसभेची सवय असलेल्या नागरिकांना प्रतिनिधींच्या सभेची पद्धत तेथे नव्याने अंगवळणी पाडावी लागली.

सभेचे कामकाज

विषयपत्रिका

सभेपूर्वी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विषयपत्रिका तयार होते. प्रत्येक विषयासोबत संबंधित विभागाची टिपणी जोडलेली असते. कामाची गरज, अंदाजे खर्च, निधीचे शीर्ष आणि यापूर्वीचे ठराव यांची माहिती तीत असते. विषयपत्रिका सदस्यांना पोच घेऊन दिली जाते व कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावली जाते.

मराठवाड्यातील नगरपरिषदांच्या विषयपत्रिकेत साधारणतः पुढील विषय वारंवार आढळतात : नळयोजनेच्या पंपाची व जलवाहिनीची दुरुस्ती, उन्हाळ्यातील टँकर, घनकचरा संकलनाचा ठेका, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, पथदिव्यांची देखभाल, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, नगरपरिषदेच्या दुकानगाळ्यांची भाडेवाढ, मालमत्ता कराची थकबाकी, स्मशानभूमी व दफनभूमीची संरक्षक भिंत, घरकुल योजनेचे लाभार्थी आणि शासनाच्या निधीतून करावयाच्या रस्त्यांची यादी. पाण्याचा विषय या भागात बारमाही असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, यावरून या विषयाचे गांभीर्य लक्षात येते.

कामकाजाचा क्रम

प्रथेनुसार सभेची सुरुवात शोकप्रस्तावाने होते. त्यानंतर मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. मग विषयपत्रिकेतील विषय क्रमाने घेतले जातात. प्रत्येक ठरावास एक सूचक आणि एक अनुमोदक असतो. मतभेद नसल्यास ठराव सर्वानुमते मंजूर होतो; अन्यथा हात वर करून किंवा सदस्यांची नावे घेऊन मतदान होते. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय घेण्याची प्रथा आहे. सूचनेत नसलेले विषय अशा रीतीने मंजूर केल्याने सदस्यांना विचाराची संधी मिळत नाही, अशी तक्रार अनेकदा होते आणि त्यातून वाद जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातात.

सभा नागरिकांसाठी खुली असते. प्रेक्षकांना बोलता येत नाही, परंतु आपल्या प्रभागाचा सदस्य काय बोलला आणि काय बोलला नाही हे त्यांना ऐकता येते.

इतिवृत्त

सभेत झालेल्या निर्णयांची नोंद इतिवृत्त पुस्तकात केली जाते. उपस्थित सदस्यांची नावे, ठराव क्रमांक, ठरावाचा मजकूर, सूचक-अनुमोदकांची नावे आणि विरोध नोंदवणाऱ्यांची नावे त्यात असतात. पुढील सभेत ते कायम झाल्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी होते. एकदा मंजूर झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा झाल्यास कायद्याने अधिक कडक अट घातली आहे. इतिवृत्ताची प्रत नागरिकांना माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते.

इतिवृत्ताची भाषा मराठी असते. देगलूर, धर्माबाद, बिलोली या तेलंगणाला लागून असलेल्या शहरांत तेलुगू आणि उर्दू, तर उदगीर, निलंगा, देवणी या कर्नाटकालगतच्या भागात कन्नड व उर्दू बोलणारे नागरिक मोठ्या संख्येने आहेत. सभागृहातील चर्चा अनेकदा मिश्र बोलीत होते, नोंद मात्र मराठीत होते. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीच्या २०२२ च्या महाराष्ट्र अधिनियमाने मराठीचे हे स्थान निश्चित केले आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या प्रकरणात, नामफलकावर मराठीबरोबर उर्दूचा वापर करण्यास या कायद्याने मनाई होत नाही, असा निर्णय दिला.

नागरी गौरवाचे प्रकार

मानपत्र

मानपत्र हा नगरपरिषदेने द्यावयाचा सर्वांत औपचारिक गौरव आहे. त्यासाठी प्रथम सभेत प्रस्ताव मांडून ठराव मंजूर करावा लागतो. ठरावात व्यक्तीचे नाव, गौरवाचे कारण, समारंभाची तारीख व खर्चाची तरतूद नमूद केली जाते. हा खर्च नगरपरिषद निधीतून होत असल्याने स्थानिक निधी लेखापरीक्षेत तो तपासला जातो.

मानपत्राचा मजकूर लिहिण्याचे काम बहुधा गावातील एखादा मराठीचा शिक्षक, प्राध्यापक किंवा पत्रकार यांच्याकडे सोपवले जाते. त्याची रचना ठरलेली असते. प्रारंभी सन्माननीय व्यक्तीस संबोधन, त्यानंतर शहराचा थोडक्यात परिचय, मग त्या व्यक्तीच्या कार्याचा आढावा, तिचे शहराशी असलेले नाते, शहराच्या अपेक्षा व शुभेच्छा आणि शेवटी अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व सदस्यांची नावे. मजकूर सुलेखनात लिहून चौकटीत बसवला जातो. पूर्वी तो गुंडाळी करून नक्षीदार करंडकात ठेवून देण्याची पद्धत होती. समारंभात त्याचे जाहीर वाचन होते. शहराचा परिचय आणि अपेक्षा हे भाग विशेष महत्त्वाचे असतात. मंत्र्यांना दिलेल्या मानपत्रात रस्ता, रेल्वे, पाणी किंवा महाविद्यालय यांची मागणी आदराच्या भाषेत गुंफलेली असते. मानपत्र हे अशा वेळी गौरवाबरोबर निवेदनाचेही काम करते.

भारतातील स्वातंत्र्यपूर्व काळात लोकनियुक्त नगरपालिकांनी राष्ट्रीय नेत्यांना मानपत्र देणे ही राजकीय भूमिका मानली जाई. २५ जून १९३४ रोजी पुणे नगरपालिकेच्या मानपत्राच्या समारंभास महात्मा गांधी जात असताना त्यांच्या ताफ्यातील मोटारीवर बाँब फेकण्यात आला होता. गांधीजी त्यातून बचावले.

मानपत्र आणि ‘नागरी सत्कार’ यांत फरक आहे. नागरी सत्कार हा बहुधा नागरिकांनी स्थापन केलेली सत्कार समिती वर्गणीतून करते आणि त्यास नगरपरिषदेच्या ठरावाची आवश्यकता नसते. नगराध्यक्ष अशा समारंभाच्या व्यासपीठावर असले, तरी त्यामुळे तो नगरपरिषदेचा गौरव ठरत नाही.

शोकप्रस्ताव

शोकप्रस्ताव हा गौरवाचा सर्वांत साधा आणि सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. राष्ट्रीय नेत्यांबरोबरच माजी अध्यक्ष, माजी सदस्य, स्वातंत्र्यसैनिक, शिक्षक, वैद्य, कीर्तनकार, व्यापारी आणि नगरपरिषदेचे दिवंगत कर्मचारी यांच्या निधनाची दखल त्यातून घेतली जाते. सदस्य उभे राहून दोन मिनिटे मौन पाळतात. ठरावाची प्रत दिवंगताच्या कुटुंबीयांस पाठवण्याची प्रथा आहे. त्या कागदावर नगरपरिषदेची मोहोर व ठराव क्रमांक असतो; अनेक घरांत तो जपून ठेवला जातो. ज्या व्यक्तीविषयी कोणतेही चरित्र किंवा वृत्त छापले गेलेले नसते, तिच्या सार्वजनिक कार्याचा एकमेव लेखी पुरावा कधी कधी हा ठराव असतो.

अभिनंदनाचे ठराव

शालान्त परीक्षेत, स्पर्धा परीक्षेत किंवा खेळात यश मिळवणारे विद्यार्थी, पुरस्कार मिळालेले शिक्षक व लेखक यांच्या अभिनंदनाचे ठराव मांडण्याची प्रथा सर्वत्र आहे. कलम ८१ मध्ये अभिनंदनाचा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी स्वागत व मानपत्र यांच्या जोडीने हे ठराव रूढ झाले आहेत. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अध्ययनपद्धतीमुळे या परिसरात विद्यार्थ्यांच्या यशाला सार्वजनिक महत्त्व आले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन) या दिवशी ध्वजवंदनानंतर शाल व श्रीफळ देऊन होणारे सत्कार हे याच परंपरेचे सोपे रूप आहे. सफाई कामगारांचा सत्कार अनेक ठिकाणी याच दिवशी होतो.

रस्ते, चौक व इमारती यांचे नामकरण

रस्ता, चौक, उद्यान, वाचनालय किंवा सभागृह यांस नाव देणे हा गौरवाचा सर्वांत टिकाऊ प्रकार आहे. नगरपरिषदेच्या मालकीच्या वास्तूचे नामकरण सभेच्या ठरावाने होते. मराठवाड्यातील नामकरणांत हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती ठळकपणे दिसते. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठासही (स्थापना १९९४) देण्यात आले. बिलोली तालुक्यात १९४६ मध्ये हत्या झालेले हुतात्मा गोविंदराव पानसरे यांची स्मृती त्या परिसरातील शिक्षणसंस्थांच्या नावांतून जपली गेली आहे. उमरी शहराची ओळख ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँकेवर टाकलेल्या छाप्याशी जोडलेली आहे.

नामकरणाची दुसरी बाजू म्हणजे जुनी नावे बदलणे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. अशा वस्तीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने नगरपरिषदेचा हा ठराव कोणत्याही मानपत्राहून अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण शिधापत्रिकेवर आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर येणारा पत्ता त्यामुळे बदलतो.

पुतळे

पुतळा उभारण्यासाठी केवळ नगरपरिषदेचा ठराव पुरेसा नसतो. राज्य शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जागेची मालकी, वाहतूक, कायदा व सुव्यवस्था आणि कलाकृतीची मान्यता या बाबी तपासून परवानगी घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर व पदपथांवर पुतळे उभारण्यास परवानगी देण्यापासून राज्यांना रोखले. त्यामुळे चौकातील पुतळ्याचे अनेक ठराव प्रदीर्घ काळ कागदावर राहतात.

मतभेद व टीका

नागरी गौरवावरील खर्च योग्य की अयोग्य, हा वाद महाराष्ट्रातील नगरपालिकांइतकाच जुना आहे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजवण्यावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका घेतली.

आजच्या काळात प्रामुख्याने चार आक्षेप घेतले जातात. पहिला, सत्तेवर असलेल्या व्यक्तीसच मानपत्र दिले जाते आणि निधी मिळवणे हा त्यामागील हेतू असतो. दुसरा, शोकप्रस्तावात व नामकरणात गावातील प्रबळ समाजघटकांची नावे अधिक येतात. स्त्रिया, भटके-विमुक्त आणि कष्टकरी यांची नावे कमी येतात. तिसरा, नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसताना सभेचा वेळ गौरवाच्या भाषणांत जातो. चौथा, नामकरणाचे प्रस्ताव कधी कधी दोन समाजांत तेढ निर्माण करतात.

प्रथेच्या समर्थकांच्या मते, या आक्षेपांवरील उपाय कायद्यातच आहे. गौरवाचा प्रस्ताव सात दिवस आधी विषयपत्रिकेवर आला, त्यावर खुल्या सभेत चर्चा झाली आणि विरोध करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात नोंदले गेले, तर निर्णयाची जबाबदारी निश्चित होते. तो ऐनवेळच्या विषयांत दामटला गेला की वाद वाढतात.

प्रशासकीय राजवटीचा काळ

महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने झाल्या. लातूर जिल्ह्यात १४ डिसेंबर आणि नांदेड जिल्ह्यात १८ डिसेंबर २०१६ रोजी मतदान झाले. त्या वेळी नगराध्यक्षांची निवड थेट मतदारांनी केली. २०२० मध्ये ही पद्धत रद्द करण्यात आली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

या सदस्यांची पाच वर्षांची मुदत संपली, तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता. परिणामी नगरपरिषदांवर प्रशासक नेमण्यात आले. चाकूर, जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ, नायगाव, अर्धापूर व माहूर या नगरपंचायतींत डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये निवडणुका झाल्याने तेथे निर्वाचित सदस्य होते. नगरपरिषदांची सभागृहे मात्र रिकामी राहिली.

प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे व अध्यक्षांचे अधिकार प्रशासकाकडे असतात. ठराव होतात, त्यांना क्रमांक मिळतात, देयके निघतात. तथापि सूचक व अनुमोदक नसतात, विरोध नोंदवणारे कोणी नसते आणि प्रेक्षकांनी ऐकावी अशी चर्चा होत नाही. नित्य कामकाज अशा रीतीने चालू राहू शकते, पण शोकप्रस्ताव आणि मानपत्र यांचा अर्थ बदलतो. शहराच्या वतीने उभे राहून मौन पाळण्यास निवडून आलेले प्रतिनिधी नसतील, तर शोकप्रस्ताव हा एका अधिकाऱ्याने लिहिलेला कागद ठरतो. उदगीर येथे २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शहराच्या इतिहासातील हा मोठा सोहळा झाला, तेव्हा २०१६ मध्ये निवडलेल्या सदस्यांची मुदत संपलेली होती.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी प्रलंबित निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानुसार राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. २ डिसेंबर २०२५ रोजी आणि काही ठिकाणी २० डिसेंबर रोजी मतदान झाले. मतमोजणी २१ डिसेंबर २०२५ रोजी झाली. सुमारे चार वर्षांच्या खंडानंतर निर्वाचित सदस्यांच्या सर्वसाधारण सभांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

अभ्याससाधन म्हणून महत्त्व

नगरपरिषदांची इतिवृत्ते हे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. गावात वीज, नळ, शाळा, दवाखाना कधी आला, बाजाराची जागा का बदलली, दुष्काळात काय व्यवस्था झाली, कोणत्या साली कोणाच्या निधनाने सभा तहकूब झाली, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून तारखेनिशी मिळतात. मराठवाड्यात जुनी कागदपत्रे उर्दूत आणि बरीचशी मोडक्या दप्तरांत असल्याने त्यांचे वाचन करणारे अभ्यासक कमी आहेत. वाळवी, ओल आणि कार्यालयांचे स्थलांतर यांमुळे अशा पुस्तकांची हानी होते. विद्यार्थ्यांना आपल्या शहराचा इतिहास लिहिताना नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षातील इतिवृत्ते, जुनी मानपत्रे आणि शोकप्रस्तावांच्या प्रती यांपासून सुरुवात करता येते. एखाद्या रस्त्याच्या फलकावरील नावामागे कोणत्या सभेचा कोणता ठराव आहे, हे शोधणे हा शालेय प्रकल्पासाठीही उपयुक्त विषय आहे.

हेही पहा

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्था
७४ वी घटनादुरुस्ती
मुख्याधिकारी
नगराध्यक्ष
ग्रामसभा
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन